सहा खिशांची बंडी

आमच्या ह्यांचं डायलिसिस आठवड्यातून तीनदा. सोमवार, बुधवार, शुक्रवार, अकराची पाळी. चार तास मशीनवर पडून राहायचं, अंगात साठलेलं पाणी काढून घ्यायचं, घरी यायचं, झोपायचं, आणि एक दिवस मध्ये गेला की पुन्हा तेच. साथ आली तेव्हा लोक म्हणायला लागले, घरात बसून कंटाळा आला. आम्हाला मेला कंटाळा यायलासुद्धा वेळ नव्हता. सगळं जग बंद होतं तरी आमची स्कूटर चालू होती.

स्कूटर मी चालवायची. हे मागे बसायचे. तीस वर्षं बस चालवलेला माणूस बायकोच्या मागे बसला की काय होतं ते मला विचारा. "अगं, क्लच हळू सोड." "अगं, समोर बघ." रस्त्यावर कुत्रं नाही आणि ह्यांचं आपलं चालूच. मी म्हणायचे, "अहो, तोंडाची वाफ दवडू नका, तहान लागेल." मग गप्प बसायचे.

तहान हा आमच्या घरातला सगळ्यात मोठा शब्द. ज्यांची मूत्रपिंडं गेली त्यांच्या पोटात गेलेलं पाणी बाहेर पडत नाही, अंगातच राहतं. पाय सुजतात, छातीत भरतं. म्हणून ह्यांना दिवसाला पाऊण लिटर, त्यातच चहा, त्यातच औषधाचा घोट, भाजीचा रस्सासुद्धा त्यातच मोजायचा. आणि आमच्याकडचा उन्हाळा म्हणजे संपत नाही, नुसता दम खायला थांबतो. सकाळी दहाला घरातल्या भिंतीला हात लावला तर चटका बसतो. अशा हवेत पाऊण लिटर. मी एका बाटलीवर माझ्या शिवणाच्या खडूने रेघा मारल्या होत्या. एक रेघ सकाळची, एक दुपारची, एक संध्याकाळची. हे रेघेच्या खाली कधी गेले नाहीत. चार वर्षं नाही. मी शपथेवर सांगेन, आणि पुढे जे झालं ते तरीही झालं, हे आधीच सांगून टाकते.

साथ आली आणि सेंटरच्या गेटवर ताप मोजायचं पिस्तूल आलं. ते धरणारा पहारेकरी, त्याला आम्ही सगळे पिस्तूलवालाच म्हणायचो. माणूस वाईट नव्हता. पण कपाळासमोर ते यंत्र धरलं आणि आकडा नव्याण्णवाच्या पुढे गेला की तो हात आडवा करायचा. ताप असलेल्या माणसाला आत सोडायचं नाही, मोठ्या इस्पितळाच्या तापाच्या रांगेत पाठवायचं, तिथे तपासणी, दोन दिवसांनी निकाल, आणि तोवर डायलिसिस नाही. आता मला सांगा, वीस मिनिटं उन्हात स्कूटरवर बसून आलेल्या माणसाचं कपाळ थंड कसं असेल? सुरुवातीला पिस्तूलवाला लोकांना झाडाखाली बसवायचा, दहा मिनिटांनी पुन्हा मोजायचा. मग त्याच्या वरच्या साहेबाने ओरडून सांगितलं, गेटवर गर्दी नको, एकदाच मोज. झालं.

एका सोमवारी ह्यांचा आकडा शंभर आला. मी हातापाया पडले. "अरे दादा, ऊन आहे ते, ताप नाही." तो मास्कच्या आडून म्हणाला, "काकू, मला कळतंय. पण माझी नोकरी जाईल." ह्यांना तापाच्या रांगेत नेलं. निकाल चांगलाच आला, पण तो आला बुधवारी संध्याकाळी. तोवर ह्यांच्या छातीत पाणी भरलं होतं. आडवं होता येईना. दोन दिवस पाठीला उश्या लावून बसून, प्रत्येक श्वासाला खांदे वर. मी समोर खुर्ची टाकून बसले होते आणि मोजत होते, श्वास मोजत होते. त्या दोन दिवसांत मी ठरवलं, हा माणूस पुन्हा त्या गेटवरून परत जाणार नाही. काय वाटेल ते करीन.

मी शिवणकाम करते. आधी शाळेचे गणवेश शिवायचे. शाळा बंद पडल्या आणि गणवेशांच्या जागी मास्क आले. दिवसभर तेच, एका मापाचं, एका रंगाचं. डोळे शिणायचे, पाठ बोलायला लागायची. पण कापड भरपूर उरायचं. त्या उरलेल्या जाड सुती कापडाची मी ह्यांना बंडी शिवली. पुढे चार खिसे, मागे दोन. प्रत्येक खिशात घडी घातलेला जाड पंचा बसेल असा. पंचे पाण्यात बुडवायचे, रात्रभर बर्फाच्या कप्प्यात ठेवायचे, सकाळी बंडीत भरायचे आणि वर सैल शर्ट. डोक्याला हेल्मेटखाली ओली पट्टी. गेटच्या आधी वळणावर स्कूटर थांबवायची, पट्टी काढायची, कपाळ कोरडं पुसायचं, की मग पुढे.

पहिल्या दिवशी आकडा आला सत्त्याण्णव पूर्णांक आठ. पिस्तूलवाल्याने यंत्र हलवून पाहिलं. "काका, एकदम थंडगार!" हे म्हणाले, "बायको गार डोक्याची आहे." मला हसू आवरेना. कितीतरी दिवसांनी हसले असेन.

आत नातेवाइकांना जाऊ देत नव्हते. मी गेटबाहेरच्या पत्र्याच्या शेडमध्ये चार तास बसायचे. बरोबर मास्कचं हातशिवण असायचंच. तिथेच गणिताच्या बाई भेटायच्या. निवृत्त शिक्षिका, एकट्या राहतात, त्यांची पाळी ह्यांच्या नंतरची, पण रिक्षा मिळेल न मिळेल म्हणून त्या तास-तास आधी यायच्या. बाईंच्या नजरेतून काही सुटत नाही. ह्यांच्या पाठीवर ओला डाग बघून त्यांनी मला असं काही खोदून विचारलं की मी सगळं ओकले. दुसऱ्या आठवड्यात त्यांच्यासाठीही एक बंडी शिवली. पुढे दोन, मागे दोन, बाईंचं अंग बारीक. त्यांनी टाके उलटसुलट करून पाहिले आणि म्हणाल्या, "दहापैकी नऊ." एक मार्क कशाचा कापला ते सांगितलं नाही.

आणि मग वजनाची भानगड सुरू झाली.

डायलिसिसच्या आधी पेशंटचं वजन करतात. गेल्या खेपेला मशीनवरून उतरताना होतं त्यापेक्षा जितकं वाढलं तितकं पाणी साठलं, तितकं मशीन काढतं. ह्यांचं दोन किलोच्या आत असायचं. मशीनवरची टेक्निशियन पोरगी मला आतून फोन करून सांगायची. "काकू, काकांचं आज एक किलो आठशे. शाब्बास." ती शाब्बास मला मिळालेली असायची. आणि त्या महिन्यात तिचा फोन आला, "काकू, आज दोन सातशे. काय झालं?"

"यंत्र बघ गं तुझं नीट," मी म्हटलं.

"यंत्र बरोबर आहे काकू. बाकीच्यांचं ठीक येतंय."

संध्याकाळी मी ह्यांना विचारलं. "जास्तीचं प्यायलात?" "नाही गं." "खरं सांगा." "नाही." मी बाटली पाहिली, रेघ बरोबर होती. बाटलीतलं नाही तर मग माठातलं, म्हटलं. पुढच्या खेपेला दोन आठशे. त्याच्या पुढच्या खेपेला मशीनवर ह्यांच्या पायात गोळे आले. ती पोरगी सांगत होती, काका दात ओठ खाऊन पडले होते, आवाज केला नाही, पण चादर मुठीत धरून फाडली. एकदम जास्त पाणी काढलं की असं होतं, रक्तदाब उतरतो, म्हणे. आणि गंमत बघा, जास्त काढलं की तहानही जास्त लागते. घरी आले की जीभ टाळ्याला चिकटलेली. "घोटभर दे." मी म्हणायचे, "आता तहान, आणि चोरून पिता तेव्हा?"

हो, मी असं म्हणाले. एकदा नाही, रोज म्हणाले. फ्रिजला साखळी घालून कुलूप लावलं. माठ उचलून शिलाई मशीनच्या शेजारी, माझ्या नजरेसमोर ठेवला. हे अंगणात गेले तर मी खिडकीतून बघायचे, झाडांच्या नळीकडे तर जात नाहीत ना. सिग्नलला स्कूटर थांबवून मागे वळून भांडले आहे मी त्यांच्याशी. शेजारच्या गाडीतली माणसं काच खाली करून बघत होती. "माझा जीव जातोय तुमच्यापायी, आणि तुम्हाला घोटभर पाण्याचा मोह सुटत नाही!" हे खाली मान घालून बसले होते. बस चालवणारा माणूस, ज्याला प्रवासी वचकून असायचे, तो रस्त्यात बायकोचं ऐकून घेत होता.

मला भीती वाटत होती हो. दुसरं काय? भीतीला माझ्या तोंडून नेहमी रागच बाहेर येतो. डॉक्टरांनी निरोप पाठवला होता, दर वेळी इतकं पाणी ओढावं लागलं तर हृदय एक दिवस थकेल, मग आमच्या हातात काही नाही. मी रात्र रात्र आढ्याकडे बघत पडायचे. सकाळी पुन्हा पंचे, बंडी, स्कूटर.

तिसऱ्या आठवड्यात एका दुपारी मी मास्कचा ढीग घेऊन बसले होते. हे समोर पलंगावर. मी पुन्हा विचारलं, विचारायचं म्हणूनच विचारलं, आवाजात जोरही नव्हता. "सांगून टाका ना हो. मी ओरडणार नाही. मला फक्त कळू दे."

हे माझ्या तारवटलेल्या डोळ्यांकडे बघत होते. मग म्हणाले, "हो. पितो. न्हाणीघरात. नळाचं."

मी ओरडले नाही. मला उलट हलकं वाटलं. आजाराचं कारण सापडल्यासारखं. न्हाणीघरातल्या नळाचा कॉक बाहेरून बंद केला आणि हात धुवायला एक तांब्या मोजून ठेवायला लागले. पाऊण लिटरचं अर्धा लिटर केलं. ह्यांनी एका शब्दाने विरोध केला नाही. उलट तीन-चार दिवसांनी स्वतःच म्हणाले, "रात्री स्वयंपाकघराला बाहेरून कडी लावत जा. आणि किल्ल्या तुझ्या उशाखाली घे." मला वाटलं, पश्चात्ताप झालाय. बरं झालं, म्हटलं, उशिरा का होईना.

तरी वजन दोन चारशे. मी डोक्याला हात लावला. सगळे नळ बंद, माठ माझ्या पुढ्यात, आणि हा माणूस पाणी आणतो तरी कुठून?

त्या शुक्रवारी शेडमध्ये बाई आल्या त्या तरातरा माझ्याकडे. नेहमीचं सहा फुटांचं अंतर राखून, पण आवाज वर्गातला. "तुमच्याशी बोलायचंय. ह्यांचं वजन वाढून येतंय ना? बंडी घालायला लागल्यापासून?"

"बंडीचा काय संबंध?" मी ताडकन म्हटलं. माझ्या शिवणाला कोणी काही बोललं की मला सोसत नाही.

"माझंही वाढून येतंय. पंधरा दिवस. बरोबर अर्धा किलो. ती मुलगी मला म्हणाली, बाई, तुम्ही पाणी जास्त पिताय. मी म्हटलं, शक्य नाही." त्यांनी पिशवीतून आपली बंडी काढली, कोरडी. "काल कोपऱ्यावरच्या दुकानदाराच्या काट्यावर ठेवली. कोरडी पाव किलोसुद्धा नाही. मग त्याच्याच बादलीत पंचे बुडवून, हलके पिळून पुन्हा ठेवली. पाऊण किलो भरली. माझे चार खिसे आहेत. ह्यांचे किती?"

"सहा," मी म्हटलं.

पुढचं बाईंनी सांगायची गरज नव्हती. साथीच्या आधी ती पोरगी वजनाच्या वेळी शर्ट काढायला लावायची, खिसे चाचपायची. आता कोणी कोणाला हात लावत नाही. काटा दारातच आणून ठेवलाय, पेशंटने आल्या कपड्यांनिशी चढायचं, तिने पिवळ्या पट्ट्यापलीकडून आकडा वाचायचा. कपडे बदलायच्या खोलीला कुलूप. आणि मीच ह्यांना बजावलं होतं, बंडीचं आत कोणाला कळू देऊ नका, पिस्तूलवाल्याच्या कानावर गेलं तर उद्या तो ती उतरवायला लावेल. हे माझं ऐकतात. सहा ओले पंचे छातीशी घेऊन माझा नवरा काट्यावर चढायचा, आणि मशीन त्या पंच्यांतलं पाणी त्याच्या रक्तातून काढायचं. चार तासांत एसीच्या वाऱ्याने पंचे वाळून जायचे. पुरावा उरायचा नाही.

"तुमच्या लक्षात कसं आलं?" मी विचारलं.

बाई शेडच्या खांबाला टेकल्या. त्याही थकलेल्या दिसत होत्या. "मी एकटी राहते ना. मी पाणी प्यायले नाही हे मला ठाऊक होतं, आणि घरात 'प्यालीसच' म्हणणारं कोणी नव्हतं. मग दुसरं कारण शोधावंच लागलं."

त्यांनी ते मला लागावं म्हणून म्हटलं नव्हतं. मी आधी टेक्निशियन पोरीला फोन लावला, सगळं सांगितलं, आजचं वजन पाऊण-एक किलोने कमी धर म्हटलं. ती म्हणाली, "काकू, मशीन तीन तास झालं चालू आहे. आत्ता लगेच ओढणं थांबवते." मागून तिची पळती पावलं ऐकू आली. मी फोन तसाच कानाला धरून बसले. चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतात, ती मी चार आठवडे रोज दिली होती. आणि चोर मी शिवला होता, दुहेरी टाके घालून.

तीन वाजता हे बाहेर आले. भिंतीला हात धरत, एक पाय ओढत. चेहरा पिठासारखा. मी धावत जाऊन धरलं आणि शेडच्या बाकावर बसवलं. मनात जुळवलेलं सगळं विसरले. एका दमात सांगून टाकलं, बंडी, पंचे, काटा, बाईंचा दुकानदार. हे ऐकत होते. शर्टाच्या दोन बटणांमधून बोट आत घालून त्यांनी खिसा चाचपला.

"वाळलाय," म्हणाले.

"अहो, पण मग तुम्ही हो का म्हणालात?" मी रडकुंडीला आले होते. "न्हाणीघरात पितो असं का सांगितलंत मला?"

"तुला किती दिवस झोप नव्हती गं. रोज तेच विचारायचीस. म्हटलं, एकदा हो म्हटलं की विचारायची थांबशील, निजशील तरी." मास्कमधून श्वास घेताना धाप लागत होती. "आणि मग नळ बंद केलास, तरी वजन येतच राहिलं. मला वाटायला लागलं, पीतच असणार मी. रात्री झोपेत उठत असेन, आणि सकाळी आठवत नसेल. म्हणून तर कडी लावायला सांगितली तुला."

"म्हणजे मी पीत नव्हतो?"

"नव्हता हो."

"झोपेतसुद्धा नाही?"

"झोपेतसुद्धा नाही. एक घोटसुद्धा नाही. माझीच चूक होती. सगळी माझी होती."

"नव्हतो पीत," ते स्वतःशीच म्हणाले. पुन्हा एकदा म्हणाले. आणि मग दोन्ही हात गुडघ्यांवर ठेवून हे रडायला लागले. मूत्रपिंडं गेली असं डॉक्टरांनी सांगितलं तेव्हा हा माणूस रडला नव्हता. छातीत पाणी भरून दोन दिवस बसून काढले तेव्हाही नाही. आता लहान मुलासारखे हुंदके येत होते. मास्क भिजून तोंडाला चिकटला, श्वास घेता येईना, म्हणून त्यांनी तो ओढून हनुवटीखाली केला.

गेटवरून पिस्तूलवाला ओरडला, "काका, मास्क! मास्क वर घ्या!"

मी उभी राहिले. ह्यांच्या आणि त्याच्या मध्ये पाठ करून उभी राहिले आणि सगळ्या शेडला ऐकू जाईल असं म्हटलं, "थांब रे बाबा जरा. दोन मिनिटं रडू दे माणसाला."